महापौर ते विद्यापीठाचे अध्यक्ष: सेथ लो यांच्या पायऱ्यांवर बसून पडलेला प्रश्न

मीरा_वाशी

नमस्कार मंडळी,

२०१९च्या सप्टेंबरात लेकाकडे न्यू जर्सीला गेले होते. स्वातंत्र्यदेवी, टाइम्स स्क्वेअर वगैरे त्याच्या यादीत होतं. माझ्या यादीत एकच ठिकाण, बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ. ११६व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरलो, फाटकातून आत शिरलो आणि समोर ती घुमटाची भलीमोठी इमारत. खाली रुंद दगडी पायऱ्या, त्यांवर ऊन खात बसलेली पोरं. आम्हीही बसलो. डब्यात घडीच्या पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी होती, ती तिथेच खाल्ली.

मी विचारलं, ही इमारत कसली रे? म्हणाला, लो लायब्ररी. लो कोण? त्याने मोबाइलवर बघितलं आणि हसायलाच लागला. "आई, हा तर तुझ्या खात्यातला निघाला. ब्रुकलिनचा महापौर होता."

मी एका महापालिकेच्या शिक्षण विभागात ३१ वर्षं नोकरी केली. किती महापौर आले नि गेले, बैठकांची टिपणं मीच काढायचे. महापौर पुढे विद्यापीठाचा प्रमुख झाला असं मात्र कधी ऐकलं नव्हतं. परत आल्यापासून जमेल तसं वाचत गेले.

सेथ लो यांचा जन्म १८५०चा, ब्रुकलिनचा. वडील एबिअल ॲबट लो चीनशी चहा-रेशमाचा व्यापार करणारे, घरची जहाजं. सेथ कोलंबिया कॉलेजातून १८७० साली पहिले आले आणि वडिलांच्या पेढीवर बसले. १८८१मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ब्रुकलिनचे महापौर म्हणून निवडून आले. तेव्हा ब्रुकलिन न्यूयॉर्कचा भाग नव्हतं. साडेपाच लाखांवर वस्तीचं स्वतंत्र शहर होतं, लोकसंख्येत अमेरिकेत तिसरं. दोन-दोन वर्षांच्या दोन खेपा त्यांनी केल्या. १८९०मध्ये कोलंबियाचे अध्यक्ष झाले, तिथे अकरा वर्षं. १९०१ला ते पद सोडून न्यूयॉर्कचे महापौर झाले, १९०३ला हरले, १९१६ला वारले.

ब्रुकलिनमधल्या त्यांच्या एका कामापाशी मी थबकले. तिथे शाळेत फुकट पुस्तकं हवी असतील तर आपण निर्धन आहोत अशी शपथ घ्यावी लागे. लो यांनी ती अट काढली आणि सगळ्या मुलांना पुस्तकं दिली.

हे वाचताना मला १९८७ साल आठवलं. एका शाळेत पुस्तकवाटपाच्या नोंदी तपासायला गेले होते. यादीत नाव असून चौथीतल्या एका मुलीने पुस्तकं नेलीच नव्हती. विचारलं तर बोलेना. बाईंनी वर्गात "फुकटवाल्या कोण कोण, उभ्या राहा" असं म्हटलं होतं आणि ही उभीच राहिली नव्हती. मी तिला बाजूला घेतलं, पुस्तकं पिशवीत घातली, वर वर्तमानपत्र ठेवलं. ती पिशवी छातीशी धरून धावत गेली. ते लाल रिबिनीचे शेपटे अजून डोळ्यांसमोर आहेत.

म्हणून विचारते. शहर चालवलेला माणूस विद्यापीठाच्या खुर्चीत बसला तर चांगलं की वाईट? आपल्याकडे चाललं असतं का? आणि अशी आणखी माणसं तुम्हाला माहीत आहेत का?


पेठेतला_पंत

मीराताई, फार सुंदर लिहिलंय. त्या मुलीचं वाचून गलबलून आलं.


रानवारा

ताई, लेख आवडला, पण तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट "वाईट" असं आहे.

मी २४ वर्षं प्राध्यापकी केली, विद्यापीठाचं नाव घेत नाही. राजकारण्यांच्या मर्जीतला कुलगुरू आला की काय होतं ते जवळून पाहिलंय. माझ्या एका विद्यार्थ्याचा पीएच.डी.चा प्रबंध परीक्षकांकडे जायलाच अकरा महिने लागले, कारण संबंधित विभागातला माणूस हलवून तिथे कुणाचा तरी भाचा आणून बसवला होता. फाइल कुठल्या कपाटात आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पोरगा दर सोमवारी सातारहून एसटीने यायचा आणि खिडकीवर "पुढच्या आठवड्यात बघू" ऐकून परत जायचा. शेवटी त्याची नोकरीची जाहिरात हुकली.

विद्यापीठ हे ज्यांनी वर्गात खडू धरलाय त्यांनीच चालवावं. बाहेरच्याला त्यातलं काय कळणार? लो यांच्या वडिलांकडे जहाजं होती, म्हणून ते अध्यक्ष झाले असणार.


घाटावरचा

रानवारा सर, त्या मुलाचं ऐकून वाईट वाटलं. पण लो यांच्या बाबतीत एक दुरुस्ती. ते १८८१पासूनच कोलंबियाचे विश्वस्त होते, म्हणजे कॉलेजशी नातं आधीपासूनचं, आणि महापौरपद सोडल्यावर मध्ये चारेक वर्षं गेली. थेट उडी नव्हती.

दुसरं म्हणजे भाचे बसवण्याच्या बाबतीत हा माणूस नेमका उलट्या टोकाचा. ब्रुकलिनमध्ये नोकऱ्या पक्षाच्या शिफारशीवर मिळायच्या. लो यांनी पालिकेच्या नोकरीसाठी परीक्षा सुरू केल्या, शिक्षकांनासुद्धा. १८८४च्या अध्यक्षीय निवडणुकीत स्वतःच्याच रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवाराला त्यांनी पाठिंबा दिला नाही. पक्षातले लोक बिथरले ते बिथरलेच.

शब्दाचा घोळही आधी सोडवायला हवा. आपला महापौर आणि त्यांचा महापौर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडे १८८८च्या मुंबईच्या कायद्यापासून कारभाराची किल्ली आयुक्तांच्या हाती. महापौर सभा चालवतो, मान त्याचा मोठा, पण सही आयुक्तांची. महाराष्ट्रात मुदतही अडीच वर्षांची. ब्रुकलिनमध्ये लो आले तेव्हा नवीन सनद लागू झाली होती. खातेप्रमुख नेमायला महापौराला नगरसेवकांची संमती लागत नसे. चांगलं झालं तर श्रेय त्याचं, वाईट झालं तर गळाही त्याचाच. हा प्रयोग इतका गाजला की जेम्स ब्राइस यांच्या अमेरिकेवरच्या ग्रंथात शहरांच्या कारभाराचं प्रकरण लो यांनी लिहिलं. तेव्हा आपल्या भाषेत ते महापौर आणि आयुक्त एकाच अंगात होते असं म्हणावं लागेल.


भीमाकाठी

मीराताई, जय भीम. तुम्ही ज्या पायऱ्यांवर बसलात त्याबद्दल मला बोलायचंच आहे, जरा लांबेल.

बाबासाहेब जुलै १९१३मध्ये न्यूयॉर्कला पोचले, महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. वसतिगृहात काही दिवस, मग ११४व्या रस्त्यावरच्या क्लबात, मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये मित्र नवल भथेनांबरोबर. सगळी ठिकाणं त्या घुमटापासून चालत पाच-सात मिनिटांच्या आत. १९३४मध्ये समोरचं नवं ग्रंथालय उघडेपर्यंत विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय लो लायब्ररीच होतं. बाबासाहेब ग्रंथालय उघडायच्या आधी दारात हजर असत आणि बंद व्हायच्या वेळी बाहेर पडत असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते दार हेच.

इमारत लो यांनी स्वतःच्या खिशातून दिली, दहा लाख डॉलर, वडिलांच्या स्मरणार्थ. ते तर आहेच. पण मला त्याहून मोठं काम दिसतं ते माणसं जमवण्याचं. गिडिंग्ज समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले १८९४ला. इतिहासाचे रॉबिन्सन १८९५ला. मानववंशशास्त्राचे फ्रान्झ बोआस १८९६ला. सगळे लो यांच्या काळात. बाबासाहेब गिडिंग्ज आणि रॉबिन्सन यांच्या वर्गांत बसले. आणि ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातिसंस्थेवरचा तो निबंध वाचला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात. गोल्डनवायझर कोण, तर बोआस यांचे शिष्य. जात वंशातून आली नाही, जातीबाहेर लग्नबंदीतून ती घट्ट झाली, हे पंचविशीतला आपला माणूस तिथे मांडत होता. तो चर्चावर्ग तिथे भरत होता कारण वीस वर्षांपूर्वी कुणीतरी बोआस यांना तिथे खुर्ची दिली होती.

आणखी एक. १९०७पासून मरेपर्यंत लो टस्कीगीच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते. गुलामीतून सुटलेल्या काळ्या समाजासाठी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी उभी केलेली ती संस्था.

बाबासाहेब १९१६च्या उन्हाळ्यात लंडनला गेले, लो त्याच सप्टेंबरात वारले. तीन वर्षं दोघे एकाच प्रांतात राहत होते. भेट झाल्याचं कुठे वाचलं नाही. पण ५ जून १९५२ला कोलंबियाने बाबासाहेबांना एलएल.डी. ही मानद पदवी दिली, हे मी माझ्या मुलांना दरवर्षी सांगतो.


सांगलीची_सून

भीमाकाठी दादा, अंगावर काटा आला. तिथे बाबासाहेबांचा पुतळा पण आहे ना?


मीरा_वाशी

हो, लेहमन ग्रंथालयात, ब्राँझचा अर्धपुतळा. आम्ही विचारत विचारत गेलो. टेबलाशी बसलेल्या मुलीने "आंबेडकर?" म्हटल्याबरोबर उठून वाट दाखवली.

भीमाकाठी दादा, माणसं जमवण्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मी आपली दगडाच्या घुमटाकडे बघत बसले.


लोखंडवाला_इंजिनिअर

सगळे आरती ओवाळताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी पूल बांधणारा माणूस, ४० वर्षं हेच केलं.

ब्रुकलिन पूल. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग. पायासाठी नदीच्या तळाशी हवा कोंडलेल्या पेट्यांत उतरून काम चालायचं, त्यात दाबाच्या आजाराने तो अंथरुणाला खिळला. खिडकीतून दुर्बिणीने काम बघायचा. बायको एमिली त्याच्याकडून समजून घेऊन गणितं, पोलादाचे बारकावे सगळं शिकली आणि वर्षानुवर्षं त्याच्या वतीने साइटवर जाऊन सूचना देत राहिली. पूल जवळजवळ पुरा झाला आणि १८८२मध्ये नवे महापौर लो, जे पुलाच्या मंडळावरही होते, म्हणाले, रोबलिंगला काढा. आजारी आहे, समोर येत नाही, दुसरा माणूस नेमा आणि याला नुसतं सल्लागार ठेवा. मंडळात मतदान झालं आणि १० विरुद्ध ७ मतांनी रोबलिंग वाचला. तीन मतांनी.

तेरा वर्षं ज्याने पुलासाठी शरीर झिजवलं त्याला शेवटच्या आठ-नऊ महिन्यांत काढायचं? मी स्वतः एका कामावर असं पाहिलंय. खांब उभे करणारा म्हातारा इंजिनिअर, डोळे गेले म्हणून त्याला उद्घाटनाचं आमंत्रणसुद्धा नव्हतं. आम्ही चौघांनी त्याला आदल्या रात्री रिक्षातून पुलावर नेलं. कठड्यावरून हात फिरवत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मध्येच थांबून म्हणाला, "इथला सांधा जरा वर आलाय." बरोबर होतं त्याचं.

म्हणून मला लो यांच्याबद्दल प्रेम वाटत नाही. वही बघून कारभार करणारा माणूस. वहीत रोबलिंग गैरहजर होता.


घाटावरचा

इंजिनिअरसाहेब, हा प्रसंग मला माहीत होता, पण तुम्ही सांगितला तसा कधी टोचला नव्हता. तुमचं मान्य. लो यांच्याबद्दल लोकांना आदर होता, जिव्हाळा नव्हता, असंच त्यांच्याबद्दल लिहिणारे लिहितात.


चिंगी_चिपळूण

२४ मे १८८३ला पूल उघडला तेव्हा राष्ट्राध्यक्ष आर्थर पायी पूल ओलांडून आले आणि ब्रुकलिनच्या बाजूला त्यांचं स्वागत करायला हेच महापौर लो उभे होते. आठवड्याच्या आत पूल पडतोय अशी आवई उठली, चेंगराचेंगरीत १२ माणसं गेली. लोकांची भीती जावी म्हणून पुढच्या वर्षी सर्कसवाल्या बार्नमने २१ हत्ती पुलावरून चालवत नेले!!

माझ्या सहा वर्षांच्या भाचीला ही गोष्ट सांगितली तर तिचा प्रश्न: "हत्तींनी टोल भरला का गं?"


पेठेतला_पंत

भाचीला पुढे आयुक्त करा! नाव लो पण काम हाय, असा हा महापौर दिसतो.


सांगलीची_सून

पंत :)) हत्तींवरून आमच्या आयर्विन पुलाची आठवण झाली, पण ते राहू दे, धागा भरकटेल.


बाल्टिमोरकर

अशी आणखी माणसं आहेत का, असं ताईंनी विचारलंय. माझ्या शहरातलाच माणूस सांगतो. कर्ट श्मोक. मी १९९६ला इथे आलो तेव्हा ते महापौर होते.

१९४९चा जन्म, बाल्टिमोरचाच. सरकारी शाळेत फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, मग येल, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, हार्वर्डमधून कायदा. १९८७मध्ये निवडून आले, या शहराने निवडून दिलेले पहिले काळे महापौर. तीन खेपा, १९९९पर्यंत. "वाचणारं शहर" ही त्यांची घोषणा, बसथांब्यांच्या बाकांवर रंगवलेली असायची. आल्या आल्या मला वाटलं, वा, कुठे आलो आपण! दोन गल्ल्या पुढे गेलो तर ओळीने घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. दोन्ही एकाच रस्त्यावर.

१९८८मध्ये त्यांनी जाहीरपणे म्हटलं की नशेचा प्रश्न आधी आरोग्याचा प्रश्न म्हणून बघा, पोलिसांचा नंतर. तेव्हा असं म्हणणं म्हणजे राजकीय आत्महत्या. देशभरातून टीका झाली. १९९४ला इथे सुया बदलून देण्याची योजना सुरू केली, एड्स पसरू नये म्हणून. माझी बायको परिचारिका आहे, ती तेव्हाच्या रुग्णांबद्दल अजून सांगते. आज हीच गोष्ट सगळीकडे मान्य आहे.

पुढे हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा शाखेचे प्रमुख, २००३पासून नऊ वर्षं. मग २०१४ ते २०२३ बाल्टिमोर विद्यापीठाचे अध्यक्ष. हे कोलंबियासारखं श्रीमंत विद्यापीठ नव्हे. दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणाऱ्यांचं. माझी शेजारीण, दोन मुलांची आई, तिथूनच पदवीधर झाली, वयाच्या ४३व्या वर्षी. पदवीच्या दिवशी मंचावर तिच्याशी हात मिळवणारा माणूस कधीकाळी तिच्या शहराचा महापौर होता. तिने त्यांना म्हणे सांगितलं, मी तुमच्याच बाकावर बसून बसची वाट बघायचे.

रानवारा सर, खडू धरलेला माणूस हवा हे बरोबर, पण या शहरातला विद्यार्थी कुठल्या बसने येतो हे ज्याला ठाऊक आहे असा माणूसही हवा ना?


हिवाळी_बॉस्टन

आमच्याकडचे जोसाया क्विन्सी तर सगळ्यांत आधीचे. बॉस्टनचे महापौर १८२३ ते १८२८, हार्वर्डचे अध्यक्ष १८२९ ते १८४५. क्विन्सी मार्केट त्यांचंच, आजही पर्यटक तिथेच जेवतात.

पण महापौर असताना मुलींसाठी १८२६ला काढलेली हायस्कूल त्यांनी दोन वर्षांत बंद केली. कारण? फार मुली यायला लागल्या, खर्च परवडेना. मला हा माणूस त्या एका गोष्टीसाठी माफ करता येत नाही. आणि हार्वर्डमध्ये १८३४ला मुलांनी दंगा केला तर दुसऱ्या वर्षाचा जवळजवळ सगळा वर्गच घरी पाठवला आणि प्रकरण कोर्टात नेलं. शहरातला दंगा आणि वसतिगृहातला दंगा एकाच काठीने हाकला.


रानवारा

हिवाळी, हेच तर मी म्हणत होतो! विद्यार्थी म्हणजे नागरिकांचा जमाव नव्हे.


विद्यासागर_पुलावरून

मी कोलकात्यात २२ वर्षं आहे. भारतातलं उदाहरण इथलंच: डॉ. बिधानचंद्र रॉय. १९३१ ते १९३३ कलकत्त्याचे महापौर, १९४२ ते १९४४ कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू, १९४८पासून मरेपर्यंत मुख्यमंत्री. जन्म १ जुलै १८८२, मृत्यू १ जुलै १९६२. म्हणूनच १ जुलैला डॉक्टर दिन.

कुलगुरू असण्याचा काळ बघा. रंगून पडलेलं, कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडतील या धास्तीने माणसं शहर सोडून चाललेली. विद्यार्थ्यांचे वर्ग निवाऱ्यात चालू राहावेत, शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना मदत मिळावी याची सोय त्यांनी केली. अशा वेळी ग्रंथालयातला पंडित काय करणार होता? तिथे शहर ओळखणारा माणूसच लागतो.

आणि पुण्याचा संबंध: फेब्रुवारी १९४३मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण केलं तेव्हा तपासायला आलेल्या डॉक्टरांत हेच होते, कुलगुरू असतानाच. १९३३च्या, पुण्यातल्याच पर्णकुटी बंगल्यातल्या उपोषणातही होते. पुण्यात वाढलो असून मला हे कोलकात्यात येऊन कळलं.


पेठेतला_पंत

पर्णकुटीच्या टेकडीवरून रोज जातो आणि हे ठाऊक नव्हतं! धन्यवाद.


गिरगावचा_नाना

मग मुंबईचंही घ्या. सर फिरोजशहा मेहता. महापौर हे नाव तेव्हा नव्हतं, पालिकेचे अध्यक्ष म्हणत. १८८८च्या ज्या कायद्याचा वर उल्लेख झाला त्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा. महापालिकेच्या इमारतीसमोर उभा आहे तो पुतळा त्यांचाच. १९१५ला मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला गेले. काही करून दाखवायला वेळच मिळाला नाही. विद्यापीठाची घड्याळाची मिनार आणि पालिकेचा घुमट, दोन्ही एका दमात चालत गाठता येतात. मी शाळेत असताना वडिलांबरोबर खूपदा गेलोय.


रानवारा

दोन दिवस धागा वाचतोय. मत थोडं बदललंय, पूर्ण नाही.

भीमाकाठी यांनी गिडिंग्ज, रॉबिन्सन, बोआस ही नावं दिली तिथे मी अडखळलो. कारण माझा मुद्दा होता की बाहेरच्याला विद्येतलं कळत नाही. लो पंडित नव्हते हे खरं. पण पंडित कुठे बसवायचा हे त्यांना कळत होतं. मग मीही वाचलं. त्यांच्या आधी कोलंबियात कॉलेज एकीकडे, कायद्याची शाळा दुसरीकडे, खाणींची तिसरीकडे, प्रत्येकाचा कारभार आपापला. १८९१मध्ये डॉक्टरांचं कॉलेज आत घेतलं, १८९३मध्ये शिक्षकांचं कॉलेज जोडून घेतलं, मुलींच्या बार्नर्डशी करार झाला. १८९६ला नावात विद्यापीठ हा शब्द आला. ४९व्या रस्त्यावरची अडचणीची जागा सोडून १८९२ला मॉर्निंगसाइडच्या टेकडीवर वेड्यांच्या इस्पितळाची जमीन घेतली, सुमारे वीस लाख डॉलरला, आणि १८९७ला तिथे वर्ग सुरू झाले. वेगवेगळ्या खात्यांची तोंडं एका दिशेला वळवण्याचं हे काम. ते त्यांना महापालिकेने शिकवलं असणार हे मी मान्य करतो. एखादा प्राध्यापक स्वतःच्या विभागाच्या बाजूने झुकला असता. मीही झुकलो असतो.

पण माझी अट कायम. आल्यावर त्याने पक्ष बाहेर ठेवला पाहिजे. लो यांनी ठेवला का? १८९७मध्ये कोलंबियाच्या खुर्चीत असतानाच न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक लढवली ना?


घाटावरचा

लढवली, हो. कुठल्याच पक्षाकडून नाही, सिटिझन्स युनियन या सुधारणावादी नागरिकांच्या संघटनेकडून. रिपब्लिकनांनी ट्रेसींना वेगळं उभं केलं, मतं फुटली आणि टॅमनीचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅटिक पक्षावर पकड असलेल्या टोळीचे, व्हॅन विक निवडून आले. लो आणि ट्रेसी यांची मतं एकत्र केली तर व्हॅन विकपेक्षा जास्त भरतात. १९०१ला टॅमनीचे सगळे विरोधक एक झाले तेव्हा लो जिंकले, आणि तेव्हा कोलंबिया सोडलं. तुमची अट १८९७ला मोडली, १९०१ला पाळली, असं म्हणावं लागेल.

मला मात्र दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ब्रुकलिनमध्ये चार वर्षं, न्यूयॉर्कमध्ये दोन, विद्यापीठात अकरा. १९०३ला हरल्यावर टॅमनीवाले परत आले आणि कारभार पुन्हा त्यांच्या हाती गेला. विद्यापीठ मात्र त्याच टेकडीवर राहिलं. अकरा वर्षं एका जागी बसू दिलं म्हणून ते झालं. आपल्याकडे कुलगुरूची मुदत पाच वर्षं, त्यातलं पहिलं वर्ष सत्कारात आणि शेवटचं पुढच्या नेमणुकीच्या चर्चेत. शिवाय यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दहा वर्षं प्राध्यापकीचा किंवा नामवंत संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेतला अनुभव असल्याशिवाय कुलगुरू होता येत नाही. २०२५च्या जानेवारीत उद्योग आणि प्रशासनातल्या लोकांनाही दार उघडणारा मसुदा आला, त्यावर किती गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलं.


लोखंडवाला_इंजिनिअर

अकरा वर्षांचा मुद्दा पटला. पूल चौदा वर्षांत झाला. टिकणारी कामं अशाच हिशेबाने होतात. रोबलिंगबद्दलचं माझं म्हणणं मात्र मी मागे घेत नाही.


भीमाकाठी

घेऊही नका, साहेब. तुमच्या त्या म्हाताऱ्या इंजिनिअरची गोष्ट मी काल आमच्या वाचनालयात मुलांना सांगितली. सगळी शांत बसून ऐकत होती. एकाने विचारलं, सांधा नंतर नीट केला का?


लोखंडवाला_इंजिनिअर

केला. दुसऱ्याच दिवशी सकाळी, उद्घाटनाच्या आधी. मी स्वतः उभा होतो.


सांगलीची_सून

मीराताई, एक राहिलं. तुम्ही त्या इमारतीच्या आत गेला होतात का? आत कसं आहे?


मीरा_वाशी

गेले होते. पायऱ्यांवर मध्येच विद्येच्या देवीचा ब्राँझचा पुतळा आहे, मांडीवर पुस्तक. तिच्या वस्त्राच्या घडीत एक छोटं घुबड लपवलंय, ते नवीन मुलं शोधत असतात. मला सापडायला बराच वेळ लागला. मग आत. घुमटाखाली गोल दालन, भोवती हिरव्या संगमरवराचे एकसंध खांब, आयर्लंडहून आणलेले. इमारत उघडली तेव्हा घुमटाच्या मधोमध एक मोठा पांढरा गोळा टांगला होता, त्यावर दिवे सोडून खाली चांदण्यासारखा उजेड पाडत. त्या उजेडात गोलाकार मांडलेल्या टेबलांशी मुलं वाचायची. आता तिथे पुस्तकं नाहीत. विद्यापीठाची कार्यालयं आहेत, अध्यक्षांचं कार्यालयही तिथेच.

मी दालनाच्या कडेला उभी राहिले. लेक म्हणाला, फोटो काढू का? म्हटलं, थांब जरा. बाबासाहेब नेमके कुठल्या टेबलाशी बसले असतील त्याचा अंदाज घेत होते. दाराजवळ असेल असं मला वाटतं, म्हणजे सकाळी उघडल्या उघडल्या जागा मिळत असेल. बाहेर पडताना पायरीवर आमचा रिकामा डबा विसरला होता, तो एका मुलीने बाजूला नीट ठेवला होता. मुंबईची निघाली, मुलुंडची. अर्थशास्त्र शिकत होती. पोळी संपली होती, म्हणून तिला लाडू दिला.